‘आपला’ म्हणजे कोणाचा

आमच्या घरात परदेशी माणूस एकच होतं आणि स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं. त्यामुळे देशप्रेमाचा विषय जेवण झाल्याशिवाय कुणी काढत नसे. मम्मी कराचीची. शिरूरमध्ये हे सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघत, मग तिच्या साडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि शेवटी म्हणत, "पण ह्या तर मराठी बोलत्यात." कराचीत मराठी माणसं असतात यावर कुणाचा विश्वास बसत नसे. गोष्ट तशी सरळ होती. मम्मीचे पणजोबा घोडनदीच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना कराचीच्या दवाखान्यात धाडलं तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच मोडायची, म्हणजे कागदावर पाहिलं तर माणूस घराबाहेर पडलाच नव्हता. तिथे त्यांचा संसार वाढला, चर्चमध्ये मराठी उपासना सुरू झाली, पोरांची पोरं झाली. मग एक दिवस देश हलला. पणजोबा होते तिथेच बसलेले होते. पुढे चर्चच्या नात्यागोत्यातून सोयरीक जुळली आणि त्यांची पणती सून होऊन घोडनदीत परत आली. पणजोबा गेले ते कुणाला न विचारता. पणतीला परत यायला व्हिसा लागला.

आमचं घर जुन्या मिशन कंपाउंडच्या मागच्या अंगाला, तीन खोल्यांचं. सकाळी चर्चची घंटा वाजायची, तिच्या पाठोपाठ मम्मीचा कुकर, आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर आपापली गाणी कर्ण्यावर लावून कारखान्याकडे जायचे, त्यामुळे आमची सकाळची प्रार्थना बहुतेक वेळा लावणीच्या चालीवर संपायची. घरात वाचायला दोन प्रकारचे कागद होते. आबा, म्हणजे पप्पांचे वडील, निवृत्त प्रचारक. त्यांच्या कापडी पिशवीत एसटी स्टँडवर वाटायच्या धार्मिक पत्रिका असत. पप्पा रांजणगावच्या एमआयडीसीत फिटर आणि युनियनचे गेटवरचे वक्ते. त्यांच्या पिशवीत कामगारांना वाटायची पत्रकं असत. बाराखडी मी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले या दोन पिशव्यांमधून. आबांच्या कागदात मी पापी होते आणि पप्पांच्या कागदात झोपलेली. जागं व्हायला दोघेही सांगत होते. त्यामुळे लहानपणी माझी अशी समजूत होती की लिहिणं म्हणजे समोरच्याला खडसावणं. आज मी स्वतः लिहिते, आणि ती समजूत पुरती गेली आहे असं माझे वाचक म्हणणार नाहीत.

मम्मी मात्र कुणालाच खडसावत नसे. तिची मराठी तीन पिढ्या कराचीत बंद डब्यात ठेवलेली होती. चर्चमधल्या गीतांचे शब्द, पणजोबांच्या वेळचे शब्द, आणि वरून उर्दूची फोडणी. ती दूधवाल्याला म्हणायची, "आपण उद्या अर्धा लिटर जास्त आणावे, मेहरबानी होईल." दूधवाला न्हावऱ्याचा, आडदांड गडी. तो मागे वळून बघायचा, की आपल्यामागे कोण मोठं माणूस उभं आहे. ‘तुम्ही’ हा शब्द तिला उद्धट वाटायचा. तिच्या माहेरी ओळख नसलेल्या प्रत्येकाला ‘आपण’ म्हणायची रीत होती, आणि ती रीत तिने ट्रंकेतून सोबत आणली होती. ट्रंकेतून आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे बिर्याणीत बटाटा. कराचीत तो घालतातच. शिरूरमध्ये नाताळच्या जेवणाला पाहुणे आले की भातातून पिवळाधमक बटाटा निघायचा आणि पाहुण्यांचा चेहरा पडायचा. कुणीतरी फसवल्यासारखं त्यांना वाटायचं. माझी मार्था आत्या, पप्पांची थोरली बहीण, दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. ती दर नाताळला तो बटाटा ताटाच्या कडेला काढून ठेवायची आणि मम्मीला म्हणायची, "सुगंधा, अगं सरकारला हे कळलं ना, तर तुझा अर्ज तिथंच नामंजूर करतील."

नागरिकत्वाचा अर्ज हा आमच्या घरातला कायमचा पाहुणा होता. मम्मी लांब मुदतीच्या व्हिसावर राहायची, आणि ती मुदत संपत आली की घरातलं हसणं कमी होत जायचं. शिरूर सोडून कुठे जायचं तर पोलीस ठाण्यात सांगून जायचं, आत्याकडे दौंडला जायचं तरी. मी आजारी पडून पुण्याला दवाखान्यात होते तेव्हा मम्मी आधी ठाण्यात गेली आणि मग माझ्याकडे आली. मी याचा संताप करायची. ती करत नसे. तिला संताप परवडत नव्हता. एकदा चौकशीला आलेल्या हवालदाराने गल्लीत विचारलं, "ह्यांचं कुणाशी भांडण वगैरे?" गल्ली म्हणाली, "न्हाई हो, ती बाई तोंडच उघडत न्हाई." हवालदाराने हे ‘वर्तणूक समाधानकारक’ म्हणून लिहून घेतलं. घरात भांडखोर माणसं दोन, पप्पा आणि मी, आणि आम्ही दोघं जन्मापासून नागरिक. गेटसभेत लाउडस्पीकर लावला म्हणून पप्पांवर केस होती. म्हणजे घरात सरकारने संशय घ्यावा असं माणूस होतंच, फक्त सरकार चुकीच्या माणसाचा घेत होतं.

त्यातून आमच्या गावाला नावं दोन. सरकारी कागदात शिरूर, आणि चर्चच्या लग्नदाखल्यावर घोडनदी, कारण जुने लोक गावाला नदीच्या नावानेच ओळखत. फाइल एकदा एवढ्यासाठी परत आली की अर्जदार नक्की राहतात कुठे. पप्पा तहसीलमध्ये जाऊन म्हणाले, "साहेब, गावालाच दोन नावं हायत, आन् तुम्ही बाईला एकाच देशाची हो म्हणताय." ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. फाइल त्यानंतर आणखी बरेच दिवस कुणी उघडली नाही.

मी बारावीत होते तेव्हा निरोप आला, की जिल्ह्याचे साहेब दौंडला बसणार आहेत, शिरूर-दौंडकडच्या सगळ्या अर्जदारांच्या मुलाखती तिथेच होतील, कुटुंबासह हजर राहावं. त्याच सुमारास ठाण्यातल्या एका भल्या जमादाराने पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे काम आता उरकून घ्या. पुढची मुदतवाढ मिळंल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. न मिळाली तर त्यांना जावं लागंल." पप्पांनी घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि मग बराच वेळ कुणी पंखा लावायलाही उठलं नाही. मम्मी तेवढं म्हणाली, "जावं म्हणजे, मी एकटीने?"

मी तयारीला लागले. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने मुलाखतीची तयारी जशी करावी तशी केली: आईसाठी भाषण लिहिलं. त्यात साम्राज्यवाद होता, फाळणी होती, ‘श्रमिक स्त्रीला कुठलाच देश फुकट मिळत नाही’ असं एक वाक्य होतं, ज्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. मम्मीने ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "छान आहे. हे कोणी बोलायचे आहे?" मग मी भाषण सोडलं आणि शब्दांवर आले. पप्पांच्या पत्रकांवरून माझा एक सिद्धांत तयार झाला होता. पत्रकात मागण्या नेहमी ‘आमच्या’ असतात. ‘आमच्या मागण्या मान्य करा’ असं म्हणतात. ‘आपल्या मागण्या’ म्हटलं तर मालकही त्यात येतो आणि संप तिथेच मिटतो. म्हणजे ‘आमचा’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपला’ म्हटलं की समोरचा आत. "तेव्हा मम्मी," मी म्हणाले, "तिथं ‘आमचा’ म्हणायचंच नाही. ‘आपला’ म्हणायचं. आपला देश, आपलं सरकार, आपलं शिरूर." पप्पा दारात बसून बुटाला पॉलिश करत होते. ते म्हणाले, "पोरगी बरोबर सांगती. ह्यात राजकारण हाय." मम्मी भाकरी थापता थापता पुटपुटत राहिली: आपला देश, आपलं सरकार. भाकरीच्या तालावर ते चांगलं बसत होतं. तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, की ही बाई दूधवाल्यालासुद्धा ‘आपण’ म्हणते.

ठाण्यात सांगून, परवानगी घेऊन, आम्ही न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. आपण इथल्याच आहोत हे सांगायला जायची परवानगी. मी एसटीत हे मोठ्याने म्हणाले आणि पप्पांनी, गेटवरच्या वाघाने, मला कोपराने ढोसलं. मार्था आत्या स्टँडवर डबा घेऊन उभी होती. तिने मम्मीची साडी खांद्यावर सारखी केली, कपाळाला कपाळ लावून चार शब्दांची प्रार्थना केली आणि आमेनच्या पाठोपाठ म्हणाली, "काय विचारलं तर थोडक्यात सांग. आन् खायला काय करता असं विचारलं तर बटाट्याचं नाव काढू नको." मम्मी हसली.

खोलीत दोन टेबलं होती. मोठ्या टेबलामागे जिल्ह्याहून आलेले साहेब, सडपातळ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. शेजारच्या टेबलाला तालुक्याच्या एक मॅडम, त्या कागद पुढे करत होत्या. वर पंखा खडखडत होता. मम्मी बसली आणि तणाव हलका करावा म्हणून म्हणाली, "आपला पंखा आवाज करतो." साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, फाइलवरचं ‘कराची’ वाचलं आणि हिंदीत सुरू झाले, "आपको मराठी समझती है?"

"समजते," मम्मी म्हणाली, आणि मग अगदी काळजीने, "आपणांस समजते का?"

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. साहेब मराठीत आले. नाव, लग्न, मुलं, घर. मम्मी नीट उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तरात एक ‘आपण’ होता: आपण म्हणता ते खरे, आपल्या हाती फाइल आहेच, आपण पाणी घेतले का. मग साहेब खुर्चीत मागे रेलले. "इतकी वर्षं इथं राहिलात. आपल्या देशाबद्दल काय मत झालं तुमचं?"

मम्मीने माझ्याकडे पाहिलं. पाठ केलेला प्रश्न पेपरात आलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला. "आपला देश फार चांगला आहे," ती म्हणाली.

"माझा?"

"जी?"

"मघापासून तुम्ही मला आपण म्हणताय. आपली फाइल, आपला पंखा. पंखा तर तुमचा नाही, माझ्या ऑफिसचा आहे. मग आता आपला देश म्हणालात, तो माझा चांगला आहे म्हणालात, का आपल्या दोघांचा?"

व्याकरणाच्या दृष्टीने साहेबांचं बरोबर होतं, हा त्या दिवसाचा सगळ्यात संतापजनक भाग. माझा सिद्धांत डोळ्यांदेखत कोसळला. एकच शब्द पाहुण्याला मान द्यायलाही वापरायचा आणि त्याला घरातला मानायलाही. हा घोळ आपल्याच भाषेने घालून ठेवलाय, आणि तो निस्तरायला माझ्या आईला बसवलं होतं. मी उभी राहिले. "सर, घटनेच्या प्रास्ताविकेत—"

"तुमची मुलाखत आहे का?"

"नाही."

"मग बसा."

मी बसले. मम्मी विचार करत होती. मग म्हणाली, "आपला म्हणजे आपलाच, साहेब. मी कुठे वाटणी मागितली?"

मॅडमचा रुमाल पुन्हा वर गेला. साहेबांनी तीनपैकी एक पेन काढून काहीतरी लिहिलं आणि ते आम्हाला दिसू दिलं नाही. त्याने मम्मी घाबरली. घाबरली की तिला बोलायची सवय, एरवी न बोलणाऱ्या माणसाला असते तशी. ती म्हणाली, आपणांस उकडत असेल, दौंडला हवाच नाही, आमच्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पंखाही लागत नाही. पप्पांनी डोळे मिटले.

"आमच्याकडे म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"कराचीला."

साहेब मॅडमकडे वळले. "बघा. देश आपला, आणि कराची आमच्याकडे."

"साहेब, ते माहेर हाय हो त्यांचं," मॅडम म्हणाल्या. ऑफिसातली मराठी त्यांच्या तोंडून एकदम गळून पडली. "माझं माहेर केंदूरचं. पोरं कॉलेजला गेली माझी, तरी आमच्याकडं म्हणलं की मी केंदूरच म्हणती. सासूबाईंनी नाद सोडून दिला."

"केंदूर शिरूर तालुक्यात येतं, मॅडम. कराची कुठल्या तालुक्यात येते?"

मॅडम पुन्हा कागद लावायला लागल्या. साहेब माणूस वाईट नव्हते, हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्यावर पत्रक लिहीत होते आणि शीर्षकापर्यंत आले होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येकाला विचारत असणार, कारण तो त्यांनी कागदाकडे बघून विचारला. दोन्ही देशांत उद्या काही झालं, तर तुम्ही कुणाच्या बाजूने?

"देव करो आणि न होवो."

"झालंच तर."

"झालेच तर मी शिरूरलाच असणार ना? माझे यजमान इथे, पोरगी इथे, म्हातारे सासरे इथे. वरून काही पडले तर आमच्याच पत्र्यावर पडेल. माहेर विचारून थोडेच पडते ते. मी आपल्या बाजूने नसेन तर कोणाच्या असेन?" इथे ती थांबली आणि घाईने म्हणाली, "आपल्या म्हणजे दोघांच्या."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. आता सुटलो असं मला वाटलं. पण त्यांनी फाइलमधून एक टंकलेला कागद काढला, चष्मा चढवला आणि वाचायला लागले: मी माझ्या पूर्वीच्या देशाच्या नागरिकत्वाचा स्वेच्छेने त्याग करीत असून त्या देशाशी... पुढे अशीच चार ओळींची मराठी होती, जी कुणी बोलत नाही. "हे मान्य आहे म्हणा आणि खाली सही करा."

मम्मीने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "त्याग," ती म्हणाली.

"हो, त्याग. म्हणजे सोडलं."

"सोडले."

"आधी सही करा, मग म्हणा."

तिने पेन खाली ठेवलं. कराचीला तिची आई होती, माझी नानी, दर रविवारी फोनवर दिसणारी, तीही हनुवटीपासून खालीच, कारण तिला फोन धरता येत नसे. आमच्या चर्चमध्ये त्याग हा शब्द फार मोठा. तो सैतानाचा करतात, पापाचा करतात. बाप्तिस्म्याच्या वेळी उभं राहून, मोठ्याने. मम्मी तो शब्द साधेपणाने घेऊच शकत नव्हती. पप्पा तिच्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडावर ‘तडजोड कर’ असं स्पष्ट लिहिलेलं वाचलं. आणि मी? ज्या मुलीने ‘झुकणार नाही’ हे शब्द वहीच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते, ती आईच्या कानाशी वाकून कुजबुजत होती, "मम्मी, कर ना सही. शब्दच आहे. कर." तत्त्वापायी आपली आई जाणार असेल तर तत्त्व किती हलकं होतं, हे कुठल्या पत्रकात नव्हतं.

"काय अडचण आहे?" साहेबांनी विचारलं. बाहेर व्हरांड्यात आणखी माणसं थांबली होती.

"हे फक्त नागरिकत्वाचे आहे?" मम्मीने विचारलं.

"मग दुसरं कशाचं?"

"आईचे नाही?"

"काय?"

"मी सही केली, तर ह्यात आईचा त्याग येतो का, हे विचारत होते. देशाशी संबंध ठेवणार नाही असे आपण वाचले. माझी आई त्या देशात राहते."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. पहिल्यांदाच वाचत असावेत तसा, ओठ हलवत. मॅडमही वाकून बघायला लागल्या. दोघांनी मिळून ती चार ओळींची मराठी उलगडली, एकदा पुढून, एकदा मागून. पंखा खडखडत होता.

"नाही," शेवटी साहेब म्हणाले. "तुमच्या आईचा ह्या कागदाशी काही संबंध नाही."

"नक्की?"

"अहो बाई, सरकारला काय करायचीय तुमची आई?"

"तेच विचारले. मग ठीक आहे," मम्मी म्हणाली. "सोडले." आणि तिने सही केली, मराठीत, सगळी अक्षरं सुटी सुटी, पणजोबांनी शिकवल्यासारखी.

बाहेर आत्याने डबा उघडला. कुणालाच भूक नव्हती आणि सगळा डबा संपला. काय झालं म्हणून आत्याने विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "माहीत न्हाई. पण आज गेटवर आपल्यापेक्षा चांगला बोलणारा माणूस घरात हाय, एवढं कळलं." मम्मी म्हणाली, "मला पाणी द्या कुणीतरी," आणि मग एकटीच तांब्याभर प्यायली.

त्यानंतर बरेच महिने काही झालं नाही. सरकारचं मौन हे देवाच्या मौनासारखं असतं असं आबा म्हणायचे, फक्त देवाकडे दाद मागायला स्टॅम्प लागत नाही. मुदतवाढ एकदा मिळाली, तीही तुटपुंजी, आणि त्या काळात पप्पा रात्रपाळीवरून आले की आधी चपला न काढता विचारायचे, "काय आलं का?" मग एका दिवशी बोलावणं आलं. पुण्याला जाऊन मम्मीने उभ्याने शपथ घेतली, प्रमाणपत्र घेतलं, जुना पासपोर्ट देऊन टाकला. तिथल्या गर्दीत तिचा आवाज मला वेगळा ओळखू आला, कारण शपथ ती गीताच्या चालीवर म्हणत होती. घरी आल्यावर तिने नानीला फोन लावला. प्रमाणपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. ते वाचायला नानीची हनुवटी आणखी जवळ आली. मग म्हणाली, "मुबारक असो. आता तू येणार कशी?"

"बघू," मम्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्या गल्लीत सात घरांत एक नळ, आणि तिथे सगळ्यात पुढे शेजारच्या कमलबाई असायच्या. पाच हंडे आणि दोन बादल्या घेऊन त्या बसल्या की पाणी जाईपर्यंत उठत नसत. मम्मी इतकी वर्षं शेवटी उभी राहून उरेल ते पाणी आणायची. त्या दिवशी मी दारात दात घासत होते. मम्मी रांगेतून सरळ पुढे गेली, कमलबाईंचा भरलेला हंडा उचलून बाजूला ठेवला आणि आपला नळाखाली लावला.

"ए," कमलबाई म्हणाल्या. "माझा नंबर हाय."

"आपला नंबर मघाशी झाला. तीन हंडे झाले आपले."

"आवं, तुम्हाला आज काय झालंय?"

"पाणी भरायचे आहे."

गल्ली थांबली. कुणी ब्रश तोंडात धरून, कुणी टॉवेल खांद्यावर टाकून. आमच्या गल्लीने या बाईचा चढलेला आवाज कधी ऐकलाच नव्हता. कमलबाईंनाही तो ऐकायची सवय नव्हती, म्हणून जे हाताशी होतं ते त्यांनी फेकलं. "एवढी पाण्याची घाई हाय तर जावा की मंग तुमच्या पाकिस्तानात. समुद्र हाय ना तिकडं."

मी ब्रश टाकून धावणार होते. तोंडात फेस होता आणि डोक्यात अख्खं पत्रक तयार होतं. पण मम्मीने हंड्यावरचा हात काढलासुद्धा नाही. पाणी हंड्यात पडण्याचा आवाज वर वर चढत होता, आणि ती त्याकडे बघत बोलली, ओरडून नाही, पण सात घरांना ऐकू जाईल इतकं.

"आता नाही जाता यायचे, कमलबाई. कालपासून मी तिकडची परदेशी आहे. आईला भेटायचे तर व्हिसा मागावा लागेल, आणि तो कुणी द्यायचे नाही. तेव्हा मी इथेच आहे. हंडा भरला की आपला लावा."